दुपारी दोननंतरचं रुग्णालय

मागच्या पावसाळ्यात माझ्या मावशीच्या पोटात कळा सुटल्या म्हणून आम्ही तिला नागपुरातल्या एका सरकारी रुग्णालयात नेलं. शुक्रवार होता, दुपारचे तीन वाजले होते. तपासणाऱ्या तरुण डॉक्टर मुलीने पोटाला हात लावल्याबरोबर सांगितलं, पित्ताशयात खडे असावेत, सोनोग्राफी लागेल. सोनोग्राफीची खोली तळमजल्यावरच होती. दाराला कुलूप होतं. काचेतून आत मशीन दिसत होतं, त्यावर वॉर्डातलीच जुनी हिरवी चादर घडी करून टाकलेली. बाहेर बसलेल्या शिपाईमामांना विचारलं तर म्हणाले, "सोनोग्राफीवाले सर मंगळवारी आन् शुक्रवारी येतात जी. दहा ते बारा. आजचे गेले." म्हणजे आता थेट मंगळवार.

शेजारच्या खाटेवर पारशिवनीकडची एक बाई होती. तिचीही तीच तक्रार, तीच चिठ्ठी. सकाळची एसटी उशिरा आली आणि ती पोचली तेव्हा बारा वाजून गेले होते. सिस्टरने आम्हा दोघांना बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "बाहेरून करून आणता का?" आम्ही मावशीला ऑटोत घातलं, बाराशे रुपये मोजले, संध्याकाळी रिपोर्ट हातात आला आणि उपचार मार्गी लागले. त्या बाईच्या नवऱ्याने पँटच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या आणि परत ठेवल्या. ते मंगळवारपर्यंत थांबले.

सोनोग्राफी दुसऱ्या कोणी करून टाकायची, असं होत नाही. १९९४ चा गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा आहे. मशीनची नोंदणी लागते, ते चालवणारा डॉक्टरही पात्र आणि नोंदणीकृत लागतो. कायदा योग्यच आहे, विदर्भातल्या मुलींसाठी तो हवाच. पण त्याचा अर्थ असा की रेडिओलॉजिस्टचं एक पद रिकामं राहिलं की लाखो रुपयांचं मशीन आठवड्याचे चार तास सोडून चादरीखाली जातं.

त्या मानसेवी, म्हणजे मानधनावर ठरावीक तास येणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. ते ठरलेल्या वेळी येत होते, ठरलेलं काम करत होते, आणि त्यांना मिळणारं मानधन त्यांच्या स्वतःच्या सेंटरच्या मिळकतीपुढे काहीच नसणार. आपल्याकडे या विषयावर बोलायला लागलं की पहिला दगड डॉक्टरवर पडतो. पार्ट टाइम डॉक्टर म्हणजे कामचुकार, असं बोलून आपण मोकळे होतो. मला त्याहून वेगळं म्हणायचं आहे. पार्ट टाइम डॉक्टर सरकारी रुग्णालयात असावेत, आणखी असावेत. पण पूर्णवेळ माणसाच्या जोडीला असावेत. आज ते त्याच्या जागेवर आहेत, आणि सगळं दुखणं त्या एका फरकात आहे.

जोडीला असण्याचं चांगलं उदाहरण आपल्याच शहरात आहे. २०१३ मध्ये राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियान आलं. त्याने साधारण पन्नास हजार वस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवलं आणि त्यात एक पूर्णवेळ वैद्यकीय अधिकारी आणि दुसरा अर्धवेळ, अशी रचना ठेवली. अर्धवेळ का? तर संध्याकाळची ओपीडी चालावी म्हणून. ज्याने हे लिहिलं त्याला वस्तीतला दिवस कसा जातो ते कळत होतं. धुणीभांडी करणारी बाई दुपारी चारला मोकळी होते. मिस्त्रीच्या हाताखालचा माणूस सहाला घरी येतो. सकाळी नऊ ते एक ओपीडी ठेवली की त्यांच्या दृष्टीने दवाखाना बंदच असतो. तिथे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. संध्याकाळी तीन-चार तास बसणारा डॉक्टर, मग तो दिवसा स्वतःचा दवाखाना का चालवेना, या माणसांना खरोखर उपयोगी पडतो. इथे अर्धवेळ नेमणूक पूर्ण नेमणुकीच्या तोडीचं काम करते, कारण ती गरजेच्या वेळेवर बसवलेली आहे.

पण जागा बदलली की हीच नेमणूक कुचकामी होते. केंद्रातलं पूर्णवेळ पद रिकामं राहतं, अर्धवेळच्या डॉक्टरला सकाळी बसवलं जातं आणि संध्याकाळ जाते. कागदावर मात्र डॉक्टर उपलब्ध आहे. वॉर्डातही तेच. दोन दिवस येणारा सर्जन, तीन दिवस येणारा भूलतज्ज्ञ. त्यांचे दिवस जुळले तर ऑपरेशन, नाही तर पुढची तारीख. दोघेही आपापल्या वेळेला प्रामाणिकपणे येतात आणि तरीही रुग्ण आठ दिवस पडून राहतो. यात कोणा एकाची चूक दाखवता येत नाही, म्हणून कोणाला जबाबही द्यावा लागत नाही.

पूर्वीची मानसेवी पद्धत आठवणारी जुनी माणसं मला सांगतील की महाराष्ट्रातली मोठी सरकारी इस्पितळं एकेकाळी ऑनररी डॉक्टरांवरच चालली. खरं आहे. नावाजलेले डॉक्टर सकाळी राउंड घ्यायचे, शिकवायचे, आणि दुपारी आपल्या दवाखान्यात जायचे. पण ते गेल्यावर वॉर्डात रजिस्ट्रार असायचा, हाऊसमन असायचा, म्हणजे तिथेच राहून शिकणारे डॉक्टर असायचे, सिस्टर असायच्या. ऑनररींचा खांब त्या पायावर उभा होता. आता पाया पोखरला गेलाय आणि आपण खांबांची संख्या वाढवून समाधान मानतोय.

किती पोखरला गेलाय, याचं उत्तर देशाच्या महालेखापरीक्षकांनी दिलं आहे. महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेवरचा त्यांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच शहरात, हिवाळी अधिवेशनात सभागृहापुढे आला. मंजूर पदांच्या तुलनेत सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टर २७ टक्के कमी, परिचारिका ३५ टक्के कमी, निमवैद्यकीय कर्मचारी ३१ टक्के कमी. वैद्यकीय शिक्षण विभागात, म्हणजे नागपूरची मेडिकल आणि मेयो ही महाविद्यालयांची रुग्णालयं ज्याच्याखाली येतात तिथे, डॉक्टर ३७, परिचारिका ३५ आणि निमवैद्यकीय ४४ टक्के कमी. लक्षात घ्या, ही तूट मंजूर पदांच्या तुलनेतली आहे. आलेल्या रुग्णांच्या संख्येशी ताडून पाहिली तर ती किती निघेल?

आणि नागपूरला येणारे रुग्ण फक्त नागपूरचे नसतात. मेयो १८६२ सालचं, मेडिकल १९४७ सालचं. तेव्हापासून पूर्व विदर्भाची शेवटची आशा हीच. मेडिकलच्या कॅज्युअल्टीसमोर अर्धा तास उभं राहा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूरच्या गाड्या येतात आणि त्यांच्या मागोमाग मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, शिवनी, बालाघाटच्याही येतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये विषारी खोकल्याच्या औषधाने छिंदवाड्याकडची लेकरं किडनी निकामी होऊन दगावली, तेव्हा त्यांचे आईबाप शेवटी नागपूरलाच धावले होते. मिहानमधलं एम्स आल्यावर थोडा भार वाटला गेला, पण 'नागपूरला न्या' हे शब्द तालुक्याच्या रुग्णालयात अजून रोज उच्चारले जातात. कारण तिथेही तेच. स्त्रीरोगतज्ज्ञ आहे तर भूलतज्ज्ञ नाही. मग सिझेरियनची बाई रात्री अॅम्ब्युलन्समध्ये.

रिकाम्या जागा भरण्याच्या ज्या वाटा आपण शोधल्या, त्यातली एकही टिकाऊ नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत सहायक प्राध्यापक १२० दिवसांच्या नेमणुकीवर वर्षानुवर्षं काढले गेले. चार महिने झाले की ऑर्डर संपली, मग नवी ऑर्डर. आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर. मग बंधपत्रित, म्हणजे बाँडवाले. सरकारी महाविद्यालयातून शिकलेल्याने एक वर्ष सेवा द्यायची, नाही तर एमबीबीएसला दहा लाख आणि पदव्युत्तरला पन्नास लाख दंड, असा हिशेब होता. बाँडचं तत्त्व मला मान्य आहे. जनतेच्या पैशाने शिकलात, एक वर्ष जनतेला द्या. पण एका वर्षासाठी आलेली मुलगी वॉर्ड समजून घेते न घेते तोच तिचं वर्ष संपतं. रुग्णालय चालतं ते ओळखीवर. कोणता मॉनिटर चुकीचा आकडा दाखवतो, रक्तपेढीत रात्री कोणाला फोन लावायचा, कोणता जुना सिकलसेलचा रुग्ण आला की वाट न बघता आधी सलाईन आणि वेदनाशामक सुरू करायचं, हे कोणत्याही ऑर्डरवर लिहिलेलं नसतं. माणूस चार-पाच वर्षं एका जागी राहिला की ते त्याच्या हाती लागतं.

यात नव्या महाविद्यालयांची भर. चंद्रपूर, गोंदिया आधी झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवीन महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात गडचिरोली आणि भंडाराही आहेत. गडचिरोलीला महाविद्यालय व्हावं ही मागणी मी स्वतः कितीदा केली असेल, त्यामुळे मला त्याचा आनंदच आहे. पण शिकवणारे आणायचे कुठून? जुन्या महाविद्यालयातल्या माणसांना प्रतिनियुक्तीवर तिकडे पाठवायचं, मान्यतेची तपासणी आली की आणखी चार जणांना पाठवायचं, ही रीत वैद्यकीय क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. एकाच डॉक्टरने दोन जिल्ह्यांची पदं भरली की दोन्ही ठिकाणी तो अर्धवेळच झाला, मग त्याच्या ऑर्डरवर काहीही लिहिलेलं असो.

आता जे बोलायला अवघड जातं तेही बोलतो. पूर्णवेळ पगार घेऊन अर्धवेळ राहणारेही आहेत. सरकार डॉक्टरांना व्यवसायरोध भत्ता देतं तो खासगी प्रॅक्टिस करू नये म्हणून. तो घ्यायचा आणि दुपारी एकला निघून बायकोच्या नावावरच्या दवाखान्यात बसायचं, याला अप्रामाणिकपणा हेच नाव आहे. असे सगळे नाहीत, बहुतेक नाहीतच. पण जे आहेत त्यांच्यामुळे उरलेल्यांच्या मागण्याही लोकांना खोट्या वाटतात. मानसेवी डॉक्टर निदान सांगून तरी दोन तास येतो. त्याच्या दोन तासांवर मी विसंबू शकतो. हजेरीत असलेल्या पण वॉर्डात नसलेल्या डॉक्टरमुळे मात्र दुसराच कोणीतरी भरडला जातो, आणि तो बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतो.

या निवासी मुलामुलींकडे एकदा नीट पाहा. वय पंचवीस-सत्तावीस. नावाला शिकायला आलेले. केंद्र सरकारची १९९२ ची निवासी योजना सांगते की आठवड्याला ४८ तास आणि सलग बारा तासांहून जास्त ड्युटी नको. प्रत्यक्षात सलग चोवीस, छत्तीस तास ही रोजची गोष्ट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयातल्या त्या डॉक्टर मुलीचा खून झाला, तेव्हा आपले निवासी डॉक्टरही संपावर गेले. लोकांनी मेणबत्त्या लावल्या. पण ती छत्तीस तासांच्या ड्युटीवर होती, ही गोष्ट आपण लवकर विसरलो. तीस तास जागलेल्या मुलीने माझ्या आईच्या इंजेक्शनची मात्रा मोजावी, असं मला वाटत नाही. त्या मुलीलाही वाटत नाही.

तरी डॉक्टरांबद्दल निदान बोललं जातं. मला खरा घोर सिस्टरांचा आहे. मावशी वॉर्डात होती त्यातली एक रात्र मी बाकावर काढली. खाटा आणि खालच्या गाद्या धरून मी बेचाळीस रुग्ण मोजले. सिस्टर एक. पन्नाशीच्या आसपास, पायात साध्या पांढऱ्या चपला, एका टाचेला पट्टी. तिने टेबलावर एक वही ठेवली होती आणि त्यात स्वतःच्या हाताने रकाने आखले होते: खाट, सलाईन कधी लावली, कधी संपेल. दर वीस मिनिटांनी ती त्या रकान्यांवरून बोट फिरवायची आणि उठायची. दोन ठिकाणी एकाच वेळी संपणार असलं की एका खाटेजवळच्या नातेवाइकाला सांगायची, "भाऊ, इथे पाणी आलं की हे चाक असं फिरवा आणि मला हाक मारा." रात्री दोनच्या सुमारास टोकाच्या खाटेवरच्या आजोबांचा श्वास चढला. ती तिकडे धावली आणि तिथेच पाऊण तास अडकली. त्या वेळात तिची वही मी सांभाळली. मी, ज्याला सुईचं टोक पाहिलं तरी घेरी येते. तीन नातेवाइकांना मी उठवलं, एकाची सलाईन मी स्वतः बंद केली. माझी ती रात्र नशिबाने निभावली.

भारतीय परिचर्या परिषदेचं जुनं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाच खाटांमागे एक. बेचाळीसमागे एक हे कुठल्याच कागदात बसत नाही. आणि पार्ट टाइम डॉक्टर जितके वाढतात, तितकं या एकट्या बाईवरचं ओझं वाढतं, हे कोणी बोलत नाही. डॉक्टर बाराला गेले. त्यांनी लिहिलेली मात्रा रात्री रुग्णाला सोसेना, तर ठरवायचं कोणी? फोन लावायचा कोणाला? ती निवासी डॉक्टरला शोधते, तो दुसऱ्या वॉर्डात हृदय दाबत असतो. परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला तो बाह्यस्रोताने, म्हणजे ठेकेदारामार्फत भरती करण्याच्या विरोधात होता. तेव्हा अनेकांनी त्यांना नावं ठेवली. त्यांचं म्हणणं साधं होतं: ठेकेदाराची माणसं बदलत राहतील आणि वॉर्डाची जबाबदारी मात्र आमच्या गळ्यात राहील.

जबाबदारी गळ्यात पडते म्हणजे काय ते भंडाऱ्याने पाहिलं आहे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचली, दहा गेली. पुढे परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यांच्या हातून काय चुकलं, काय नाही, ते न्यायालय ठरवेल. पण त्या कक्षासाठी त्या रात्री किती माणसं असायला हवी होती आणि किती होती, हा प्रश्न जिथे पदं मंजूर होतात आणि रिकामी ठेवली जातात त्या टेबलापर्यंत कधी पोचतो का? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले, त्यात बारा नवजात. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आठ-पंधरा दिवस बातम्या झाल्या. नंतर?

वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार यांच्याबद्दल थोडक्यात एवढंच, की रुग्णाला स्ट्रेचरवरून एक्स-रेला त्याचा सोळा वर्षांचा मुलगा ढकलत नेतो हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की कोणाला ते वावगंही वाटत नाही. पाठीच्या मणक्याला मार लागलेल्या माणसाला उचलायचं कसं, हे त्या मुलाला कोणी शिकवलेलं नसतं.

सरकारची अडचण मला कळते. विशेषज्ञ मिळत नाहीत, जाहिरात दिली तर अर्ज येत नाहीत, बाहेर खासगीत दुप्पट-तिप्पट पैसा आहे. मग जे चार तास द्यायला तयार आहेत त्यांना घ्यावंच लागेल. घ्या. पण घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, वेळ. ज्या तासाला पूर्णवेळचा डॉक्टर नसतो ते तास त्यांना द्या: संध्याकाळ, रविवार, सणाचा दिवस. चार सोनोग्राफी तज्ज्ञ दोन-दोन दिवस घेतले तर मशीन आठवडाभर चालतं. एक घेतला तर चादर. दुसरी, त्यांच्या माघारी कोण, हे कागदावर असू द्या. रुग्ण त्यांचा असेल तर रात्री फोन उचलणंही त्यांच्या कामात धरा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. तिसरी, मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. सहा-सहा महिने बिल अडकलं की चांगला डॉक्टर आधी सोडून जातो. आणि यातली एकही नेमणूक रिकामं पद भरलं म्हणून मोजू नका. पद रिकामं आहे तर ते रिकामंच दिसू द्या.

हे जमतं, हे आपण दर डिसेंबरला पाहतो. अधिवेशन आलं की आमदार निवासात तात्पुरतं रुग्णालय उभं राहतं. डॉक्टर, नर्स, औषधं, अॅम्ब्युलन्स, सगळं पाळ्या लावून, कारण आमदारांना रात्री-अपरात्री काही झालं तर माणूस हजर हवा. ते असायलाच हवं, लोकप्रतिनिधीही माणूसच आहेत. पण पाळ्यांचा जो तक्ता तिथे काही दिवसांत बनतो, तो सरकारी वॉर्डांसाठी वर्षभर का बनत नाही?

ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, नागपूरच्या डागा स्त्री रुग्णालयासारख्या ठिकाणी केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. हा निर्णय फार चांगला होता. मात्र पारशिवनीच्या त्या बाईला मोफत सोनोग्राफी मंगळवारी मिळणार होती, आणि तिला कळा शुक्रवारी येत होत्या.

मंगळवारी मी मावशीला घरी न्यायला गेलो तेव्हा साडेदहा झाले होते. सोनोग्राफीच्या दारापाशी रांग होती. ती बाई भिंतीला टेकून बसली होती, तिचा नंबर एकोणिसावा. पावणेबाराला आम्ही निघालो तेव्हा आत अकरावा गेला होता.

गेल्या आठवड्यात मी माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांच्या आत. त्या रुग्णालयातल्या प्रत्येक वॉर्डाचा मागच्या तीन महिन्यांचा ड्युटी तक्ता मागितला आहे: दुपारी दोन ते सकाळी आठ या वेळात किती डॉक्टर, किती परिचारिका, कोण कोणत्या पदावर. खरं तर अशी माहिती न मागता भिंतीवर लागलेली असायला हवी. त्याच कायद्याचं चौथं कलम स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगतं. खिडकीवरच्या बाबूंनी अर्ज वाचला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रात्रीचा तक्ता कोणी मागत नाही जी." मग शिक्का मारून पोच दिली. उत्तराला तीस दिवस आहेत, त्यातले आठ झाले.